सॅलो लेनचं वळण

चॅपलच्या कोपऱ्यावर बस वळली नाही. बस वळली नाही, पण आम्ही वळलो. मच ड्यूली गावातून शहरात जाणारी ही एक्केचाळीस नंबरची बस त्या कोपऱ्यावर डावीकडे सॅलो लेनमध्ये शिरते, आणि ती शिरताना आपण उजवीकडे फेकले जाऊ नये म्हणून आत बसलेले सगळे आधीच डावीकडे कलतात. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं दर बुधवारी तेच वळण घेतलं की अंग आपोआप शिकतं. आज आमच्या ड्रायव्हरने, केल्विनने, चाक फिरवलंच नाही. बस नाकासमोर सरळ निघून गेली आणि आम्ही सात-आठ माणसं, सगळी पेन्शनीतली, आपापल्या जागी डावीकडे कललेली, क्षणभर तशीच राहिलो. मग एकेक जण सरळ झाला. मिसेस यापनी टोपी नीट केली, मागे कुणीतरी घसा साफ केला. आमच्या हेरफर्डशायरात बसला आग लागली तरी आधी कुणीतरी घसाच साफ करील, आणि मग दार उघडल्याबद्दल ड्रायव्हरचे आभार मानून खाली उतरेल.

बस वळणार नाही हे मला दीड महिन्यापासून ठाऊक होतं. थांब्यावरच्या काचेआड पाटी लागली होती: एप्रिलपासून एक्केचाळीस नंबर हमरस्त्याने सरळ जाईल, सॅलो लेनमध्ये हात दाखवून चढण्याची सोय बंद होईल, प्रवाशांची बारा मिनिटं वाचतील. मी ती पाटी येता-जाता वाचली होती, जणू कधीतरी तिच्यात वेगळं काही लिहिलेलं सापडेल. तरीही चॅपल मागे पडलं तेव्हा पिशवी माझ्या मांडीवर होती. मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते. गावातून निघताना पिशवी शेजारच्या जागेवर असते. चॅपल आलं की मी ती उचलून मांडीवर घेते, कारण पुढे सॅलो लेनमध्ये ते चढतात आणि माझ्या शेजारी बसतात. आजही हाताने पिशवी उचलली होती. हाताने पाटी वाचलेली नव्हती. शेजारची जागा मोकळी होती, तिच्यावरच्या निळ्या कापडाला बसून बसून आलेली चकाकी दिसत होती, आणि पिशवीत त्यांना द्यायची बरणी होती, संत्र्याच्या मार्मालेडने भरलेली, चांगलीच जड. मला एकदम भीती वाटली. असल्या फुटकळ गोष्टीची इतकी भीती वाटावी याची लाजही वाटली, पण भीती काही लाजेला भीक घालत नाही. हा माणूस आता मला पुन्हा दिसणार नाही, आणि दिसला नाही तर मी कुणाला विचारू? मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

सात वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं नाव माहीत नाही, हे आमच्या लेकीला सांगितलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल. पण हे असं होतं, आणि आमच्याकडे तर हमखास होतं. पहिल्या दिवशी नाव विचारणं म्हणजे आगाऊपणा. चौथ्या-पाचव्या बुधवारी विचारायला हरकत नसते, पण तोवर बोलणं हवेवर आणि कोबीवर इतकं छान चाललेलं असतं की मध्येच नाव विचारणं म्हणजे चालत्या गाडीला खीळ घालणं. सहा महिन्यांनी विचारावं, तर समोरच्याला कळणार की या बाई सहा महिने नाव न कळताच मान डोलावत होत्या. वर्ष उलटलं की मग संपलंच. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खरं आहे. मला त्यांचा गुडघा माहीत होता, उजवा, पावसाच्या आदल्या दिवशी दुखणारा. त्यांची बहीण टेनबरीला असते आणि तिला मांजरं आवडत नाहीत पण मांजरांना ती आवडते, हे माहीत होतं. त्यांच्या परसात लोखंडी न्हाणीटबमध्ये आंबट देठांचा ऱ्हुबार्ब लावलाय हे मी खिडकीतून स्वतः पाहत होते. बायको वारलेली आहे हेही एकदा बोलण्यात निसटलं होतं, आणि दोघंही लगेच बाहेरच्या मेंढ्यांकडे बघायला लागलो होतो. नाव तेवढं राहिलं. मनातल्या मनात मी त्यांना नुसतं 'ते' म्हणत असे, आणि तेवढ्याने माझं भागत असे.

पहिला दिवस लख्ख आठवतो. ऑक्टोबरचा होता. सॅलो लेनमध्ये बस थांबली आणि एक उंचसा माणूस चढला, अंगात कोट नाही, हातात बागेतले मोजे आणि कुंपण छाटायची लांब कात्री. बसमध्ये कुणी वळून पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं, पण खिडकीच्या काचेत. तो माणूस मधल्या वाटेत उभा राहून गोंधळल्यासारखा इकडे तिकडे पाहत होता, म्हणून मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. ते बसले. कात्री गुडघ्यांमध्ये उभी धरली. गॅरेजपाशी लेन संपून बस परत हमरस्त्याला लागते तिथे मोठं वळण आहे, त्या वळणावर ती कात्री माझ्या बुटाला लागली आणि त्यांनी तीनदा माफी मागितली. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, धार लावायला नेताय वाटतं, बाजारात मागच्या रांगेत एक जण बसतो, चांगली लावतो. ते म्हणाले, हो हो, धारच लावायचीये. परतीच्या बसमध्ये कात्री नव्हती. पुढच्या बुधवारी घेऊन जा म्हणालाय तो, असं त्यांनी मला सांगितलं. मला बरं वाटलं. माझ्या सांगण्यावरून कुणी काही केलं याला तेव्हा पुष्कळ दिवस झाले होते.

ब्रिन जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ब्रिन माझा नवरा. त्याच्याकडे मोटार होती आणि माझ्याकडे ब्रिन होता, म्हणून मी कधी चालवायला शिकले नाही. तो चांगला माणूस होता, पण त्याला पोचायची घाई असे. सॅलो लेनमधून जायचं तो नावच काढत नसे. म्हणे, तिथे समोरून ट्रॅक्टर आला की अर्धा मैल उलटं जावं लागतं. चाळीस वर्षं मी त्या लेनपासून मैलभर अंतरावर राहिले आणि ती पाहिली नव्हती. तो गेला, मोटार विकली, आणि पहिल्याच बुधवारी बस चॅपलपाशी वळून आत शिरली. दोन्ही बाजूंनी सफरचंदांच्या बागा, कुंपणं इतकी जवळ की फांद्या काचेवर खरखरत होत्या, आणि बस माणसाच्या चालीने चाललेली. मला वाटलं होतं, नवरा गेल्यावर जग आक्रसतं. बसच्या खिडकीतून ते मला थोडं वाढलेलं दिसलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. आणि आता कौन्सिलला तेच वळण नको झालं होतं. बदलाबद्दल लोकांचं मत घ्यायला गावच्या हॉलमध्ये सभा ठेवली, ती संध्याकाळी. संध्याकाळी बस नसते. तेव्हा ज्यांचा बसशी संबंध ते घरी बसले, आणि ज्यांच्याकडे मोटारी ते येऊन बिस्किटं खाऊन गेले. माझं घर हॉलच्या मागेच, म्हणून मी गेले. कौन्सिलची मुलगी बिचारी गोड होती. तिने नकाशा लावला, प्रश्न विचारा म्हणाली. पहिला प्रश्न कुत्र्यांच्या घाणीबद्दल आला आणि दुसरा हॉलच्या हीटरबद्दल. मग तीच म्हणाली, सॅलो लेनमध्ये घरं तीन, आणि वर्षभरात दर बुधवारी चढणारे प्रवासी सरासरी एक. सरासरी एक. माझे कान तापले. भर सभेत माझंच काहीतरी कुणी वाचून दाखवल्यासारखं वाटलं.

गॅरेज आलं. इथेही वळण नव्हतं आता, सरळ रस्त्याने सरळ जायचं. पण अंग पुन्हा डावीकडे गेलं आणि कपाळ काचेला टेकलं. काच गार होती. मिसेस याप पुढच्या बाकावरून वळल्या. आमच्याकडे याप म्हणजे वटवट, आणि त्यांच्या नावात आणि स्वभावात फारसं अंतर नाही, पण माणूस दुष्ट नाही. "बारा मिनिटं वाचली म्हणे," त्या म्हणाल्या. "आता ती ठेवायची कुठे?" मग माझ्या मांडीकडे, रिकाम्या जागेकडे पाहून त्यांनी विचारलं, तुमचे मित्र नाही आले का? मी म्हटलं, मित्र कुठले, बसमधले आहेत ते. म्हणताक्षणी वाईट वाटलं, जणू तो माणूस मागे उभा राहून ऐकत होता. शहरात आम्ही बारा मिनिटं आधी पोचलो. मिसेस यापची केस सेट करायची वेळ ठरलेली, ती काही बारा मिनिटं अलीकडे आली नव्हती. त्या सलूनच्या बाहेर वाऱ्यात टोपी धरून उभ्या राहिल्या. मी मासे घेतले, लोकर घेतली, दोन्हींचे रंग मला सारखेच वाटत होते. एरवीही मी शहरात एकटीच हिंडते. बसस्टँडवर उतरलं की ते म्हणायचे, "ठीक तर मग," आणि मी म्हणायचे, "ठीक तर मग," आणि दोन दिशांना दोघं, ते थेट परतीच्या बसपर्यंत. बसमधली ओळख बसमध्येच ठेवायची असते. एकदा मी कॅथीड्रलमध्ये पावसासाठी शिरले तर ते तिथे बाकावर बसलेले, पिशवीत फक्त एक पाव, कुठेही जायची घाई नसल्यासारखे. मी खांबाआड झाले. दुसऱ्या एका बुधवारी ते वाचनालयाच्या खिडकीत दिसले, समोर पुस्तक उघडं आणि नजर घड्याळावर. तेव्हा मला वाटलं होतं, यांना काहीतरी काम असेल. आज त्याच वाचनालयासमोरून जाताना मी आत डोकावले. खिडकीत एक बाई मासिक वाचत होत्या.

मागच्या बुधवारचं आठवून जिवाचा संताप होत होता. शेवटचा बुधवार होता तो. त्यांनीही पाटी वाचलेली होती, मीही. दोघांना माहीत होतं की दोघांना माहीत आहे. आणि आम्ही काय बोललो, तर यंदा थंडी लांबली, त्यामुळे ऱ्हुबार्ब मागे पडला. फाटकाशी बस थांबली तेव्हा ते उठले, केल्विनचे आभार मानले, पायरीवर जरा घुटमळले. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "ठीक तर मग." मी म्हणाले, "थंडीला जपा." झाला निरोप. त्या संध्याकाळी मी सगळा राग बटाट्यांवर काढला. आणि बरणी द्यायची राहिली. जानेवारीत त्यांनी मला आलुबुखारची चटणी दिली होती, स्वतः केलेली, जरा करपलेली. बरणी धुऊन रिकामी परत करणं आमच्यात बरं दिसत नाही, म्हणून मी मार्मालेड भरून ठेवलं होतं, आणि त्या शेवटच्या दिवशी नेमकी विसरले. की विसरायचं होतं मला? बरणी घरी राहिली तर गोष्ट संपलेली नाही, असं हाताला वाटलं असेल. हाताचं काही सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मी पिशवी शेजारी ठेवलीच नाही, मांडीवरच धरून बसले. तिचं वजन पायांना कळत होतं. गॅरेज गेलं. पुढे आता सरळ रस्ता, उजवीकडे कुठेतरी त्या बागांच्या मागे ती लेन, तिच्यात ते फाटक. कुणाच्या दारी जायला आमच्यात निमित्त लागतं, आणि निमित्त तर मी सकाळपासून शहरभर वागवत होते. तरी चॅपल दिसेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. चॅपलला कुणी उतरत नाही. तिथे रविवारी चार माणसं येतात आणि तीही मोटारीने. मी बेल दाबली तेव्हा तिचा आवाज मला फारच मोठा वाटला. केल्विनने आरशातून पाहिलं. मी पुढे गेले तर हळू आवाजात म्हणाला, "ग्लेनिसबाई, माझ्या हातात असतं तर मी आत घातली असती बस. माझ्या हातात फक्त चाक आहे." मी म्हटलं, माहीत आहे रे बाबा. आभार मानले आणि उतरले. मागे मिसेस याप काचेला नाक लावून पाहत असणार, हे न वळताही मला दिसत होतं.

मला वाटलं होतं, सॅलो लेन मला पाठ आहे. पण मी ती बसच्या उंचीवरून ओळखत होते. तिथून बागा दिसायच्या, हिरव्या पत्र्याचं छप्पर, न्हाणीटब, दूर टेकडीवरच्या मेंढ्या. खाली पायांवर उभं राहिल्यावर नुसती कुंपणं होती, माझ्याहून हातभर उंच, दोन्ही बाजूंनी. काट्यांच्या झुडपांना पांढरी फुलं आली होती, पान एकही नव्हतं. पाखरं आत कुठेतरी भांडत होती. ओल्या मातीचा आणि कुजक्या सफरचंदांचा वास, जो काचेतून कधी आला नव्हता. मी इतकी वर्षं इथून गेले आणि इथे कधीच आले नव्हते. वळणं सगळी सारखी दिसायला लागली. एक फाटक लागलं, ते नव्हे. दुसरं लागलं, त्याच्यावर घोड्याचा नाल, तेही नव्हे असं वाटलं, मग वाटलं कदाचित हेच. वय एकाहत्तर, हातात मासे आणि बरणी, आणि कुठल्या दारी जायचं ते माहीत नाही, नाव घेऊन विचारावं तर नावही नाही. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. परत फिरले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, हाच विचार सगळ्यांत वाईट होता. मग तिसऱ्या फाटकाशी मला खाली गवतात एक जागा दिसली. रस्त्याच्या कडेचं गवत सगळीकडे दाट होतं, आणि तिथे तेवढंच नव्हतं. दोन बुटांपुरती जमीन, घट्ट, साफ उघडी पडलेली. सात वर्षं दर बुधवारी एक माणूस तिथे उभा राहिला होता. मी तिथे नुसती पाहत राहिले. मग मी घसा साफ केला.

तो आवाज आत ऐकू गेला असावा. कुंपणापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग ते फाटकाशी आले, घरातल्या स्वेटरात. बसमध्ये ते नेहमी कोटात असत, त्यामुळे क्षणभर कुणी वेगळेच वाटले. त्यांनी मला पाहिलं आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, हात वर केला. मी थांबलेलीच होते, तरी आणखी थांबले.

"बस बदलली," मी म्हणाले.

"हो. पाटी वाचली होती मी."

"मग सकाळी उगाच..."

"उभा होतो सकाळी," ते म्हणाले. "म्हटलं, न जाणो, केल्विन विसरला तर."

मी बरणी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, सालीचे तुकडे किती बारीक कापलेत याचं कौतुक केलं. मग ते म्हणाले, चहा टाकतो. त्यांच्या स्वयंपाकघरात एकच खुर्ची टेबलाशी होती, दुसरी वर्तमानपत्रांखाली. त्यांनी वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली. भिंतीला खिळ्यावर ती लांब कात्री टांगलेली होती. मी म्हटलं, चांगली टिकली हो, धार चांगली लावली होती त्याने. ते हसायला लागले. सात वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. बसमध्ये माणूस बेताने हसतो. "ती कात्री तेव्हा आठ दिवसांची होती," ते म्हणाले. "कोरी करकरीत. धार लावणारा माझ्याकडे बघतच राहिला." मग चहा गाळता गाळता त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते कुंपण छाटत होते, शिडी रस्त्यात लावलेली. समोरून बस आली. केल्विन थांबला, शिडी बाजूला घेईपर्यंत शांतपणे थांबून राहिला, म्हणून यांनी आभाराचा हात वर केला, अरुंद रस्त्यावर कुणी वाट दिली की आम्ही सगळेच करतो तसा. आणि केल्विनला वाटलं यांना चढायचंय. त्याने बस पुढे घेऊन दार उघडलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं माझ्या मनात आलं, आणि मलाही हसू फुटलं.

"मग नको म्हणायचं," मी म्हणाले. "चढलात कशाला?"

"दार उघडलं होतं त्याने. मागे दोन मोटारी खोळंबलेल्या. नको म्हणणं बरं दिसेना."

"आणि पुढच्या बुधवारी?"

"कात्री आणायला नको? तुम्हीच तर ती तिथे द्यायला लावलीत."

"आणि त्याच्या पुढच्या? तुम्हाला शहरात काही कामच नव्हतं ना? मी पाहिलंय तुम्हाला वाचनालयात."

"मीही पाहिलंय तुम्हाला. कॅथीड्रलमध्ये, खांबाआड. टोपी बाहेर आली होती." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि त्याचा कान माझ्या हाताकडे वळवला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी चढलो तर सगळे आपापलं सामान शेजारी ठेवून बाहेर बघत बसलेले. तुम्ही पिशवी उचललीत. माझी बायको गेल्यानंतर कुणी माझ्यासाठी जागा केली नव्हती, ग्लेनिस."

शेगडीवर किटली अजून बारीक आवाज करत होती. माझं नाव त्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलं होतं आणि आता ते परत घेता येणार नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. मी विचारलं, नाव कसं कळलं. ते म्हणाले, मिसेस याप हाक मारतात ना, पहिल्या महिन्यातच कळलं. मग सात वर्षं एकदाही घेतलं का नाही, असं मी विचारलं, आणि माझा आवाज जरा चढलाच. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलं नव्हतंत. मग मी कसं वापरणार?" मी चहा प्याले. फार कडक होता. त्यांनी आपलं नाव सांगितलं, मर्विन टिप्टन, बसमधून उतरताना आभार मानतात तसं जरा घाईने, आणि मी ते एकदा म्हणून पाहिलं. साधं, चांगलं नाव होतं. मग आम्ही कामाचं बोललो. लेनमध्ये बस परत येणार नव्हती. मी कौन्सिलला लिहीन म्हटलं, तेही लिहीन म्हणाले, पण सरासरी एका माणसासाठी कुणी बस वळवत नाही हे दोघांना कळत होतं. उरला होता फक्त चॅपलचा थांबा. तिथवर चालायला त्यांचा गुडघा तयार नव्हता, मध्ये बसायला काही नाही. मी त्या वर्तमानपत्रांखालच्या खुर्चीकडे, म्हणजे जिच्यावर मी बसले होते तिच्याकडे पाहिलं. तीही म्हातारीच होती, एका पायाने डुगडुगणारी. ते म्हणाले, ही? मी म्हटलं, का, हिला काय झालंय?

पुढच्या बुधवारी हवा उघडली होती. बस गावातून निघाली तेव्हा मी पिशवी शेजारी ठेवली, आणि चॅपल यायच्या बऱ्याच आधी, शाळेपाशीच, उचलून मांडीवर घेतली. मनात सगळी अशुभं येऊन गेली: गुडघा, उशीर, संकोच, संकोच सगळ्यांत दांडगा. कोपरा आला. मी डावीकडे कलले, बस सरळ राहिली, आणि थांब्यावर मर्विन टिप्टन कोट घालून उभे होते, हात उंच वर केलेला, बोटंसुद्धा पसरलेली. केल्विनने दार उघडलं आणि म्हणाला, "हात खाली घ्या आता, दिसलात." ते चढले. बुटांना लेनचा चिखल, धाप लागलेली, पण चेहरा एखादी पैज जिंकल्यासारखा. माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, खुर्ची ठेवलीय मध्यावर, कुंपणाला लागून. आज सकाळी जाऊन बघतो तर तिच्यावर पोस्टमन बसलेला, त्याला उठवायचं जिवावर आलं म्हणून उभाच राहिलो. मिसेस यापनी पुढून पूर्ण वळून पाहिलं, काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि त्यांचं भलं होवो, नुसतं सुप्रभात म्हणून पुन्हा पुढे पाहू लागल्या. हवेचं बोलून झालं. गॅरेजची पाटी लांबून दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, आता बारा मिनिटं आधी पोचतो म्हणे आपण. मी म्हटलं, हो, आणि ती ठेवायची कुठे हा मिसेस यापना प्रश्न पडलाय. त्यांनी कोटाचं वरचं बटण नीट लावलं. मग म्हणाले, "बसस्टँडसमोर एक चहावाला आहे. कडक देत नाही. तुम्ही याल का, ग्लेनिस, माझ्याबरोबर?" मी हो म्हणाले. तेवढ्यात गॅरेज आलं, जिथे सात वर्षं बस डावीकडे वळायची आणि आम्ही दोघं समोरची दांडी घट्ट धरून आपापलं अंग सांभाळायचो, एकमेकांना धक्का लागू नये म्हणून. त्यांचं अंग डावीकडे कललं, माझंही कललं, आणि वळण आलंच नाही. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. बस सरळ जात राहिली. पुढे मिसेस याप सरळ झाल्या, मागे कुणीतरी घसा साफ केला. मी सरळ झाले नाही. तेही झाले नाहीत.